ढगांचं बारसं

माझी धाकटी जाऊ तासगावजवळच्या एका खेड्यात राहते. दोन एकर द्राक्षबाग आणि बेदाण्याची एक शेड. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. अक्का, पुण्याला आभाळ कसं हाय? मुलांचं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं वगैरे सगळं त्यानंतर.

ज्यांच्या घरी बेदाणा होतो त्यांना यातलं काही सांगायला नको. इतर मैत्रिणींसाठी सांगते. द्राक्षं द्रावणात बुडवून काढायची आणि शेडमधल्या जाळ्यांवर थरावर थर अशी पसरायची. शेडच्या बाजू उघड्या, कारण वारं खेळलं पाहिजे. पंधरा-एक दिवस कोरडी हवा मिळाली की छान हिरवट-पिवळा बेदाणा हाताशी येतो. पण मधेच आभाळ आलं, हवा दमट झाली, की मणी काळा पडायला लागतो. पावसाचे सपकारे आत आले तर विचारूच नका. वर्षभराची मेहनत आणि सोसायटीचं कर्ज, दोन्ही त्या जाळ्यांवर पसरलेलं असतं.

2015 च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिचा असाच फोन आला. म्हणाली, आभाळात पिसं पिसं पसरलीत, पिंजलेल्या कापसावानी. काय समजायचं? मी शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवलेला. ढगांचे प्रकार हा धडा तर मला तोंडपाठ. मी ऐटीत सांगितलं, अगं, ते तंतुमेघ, सिरस म्हणतात त्यांना. फार उंचावर असतात, बर्फाच्या कणांचे. त्यांतून पाऊस पडत नाही. झोप निवांत!

दुसऱ्या दिवशी तिकडे उन्हावर पातळ पडदा आल्यासारखं झालं. रात्री सासूबाई अंगणात आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, चंद्राला खळं पडलंय, ताडपत्र्या सोडा. पण अक्कांनी पाऊस नाही म्हणून सांगितलं होतं ना! शिकलेली सून पुण्याहून सांगतेय म्हटल्यावर चौथी पास सासूचं कोण ऐकणार? नंतरच्या दोन दिवसांत महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस कोसळला, तो अनेकींना आठवत असेल. आमच्या शेडमधला जवळजवळ तिसरा हिस्सा माल काळा पडला. जाऊ मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माझं कुठे चुकलं, हे मला बरेच दिवस कळेना. सिरसमधून पाऊस पडत नाही हे पुस्तकातलं वाक्य खरंच आहे. ते मी शेकडो मुलींकडून घोकून घेतलंय. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस, निम्बस. ही नावं कोणी ठेवली, का ठेवली, हे मात्र एकोणतीस वर्षांत एकाही मुलीनं मला विचारलं नाही आणि मलाही कधी प्रश्न पडला नाही. निवृत्तीनंतर वेळ होता. शोधायला बसले आणि भेटला तो ल्यूक हॉवर्ड नावाचा एक औषधवाला.

होय, औषधवाला! वेधशाळेतला शास्त्रज्ञ नव्हे की विद्यापीठातला प्राध्यापक नव्हे. 28 नोव्हेंबर 1772 ला लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. वडिलांचा पत्र्याच्या दिव्यांचा कारखाना, घरात पैसा बऱ्यापैकी. घराणं क्वेकर पंथाचं. हे लोक साधे कपडे घालायचे, चैन करायची नाही, शपथ घ्यायची नाही, युद्धात भाग घ्यायचा नाही अशा मताचे. महिन्यांची आणि वारांची चालू नावंसुद्धा ते वापरत नसत, कारण त्यांतली बरीच जुन्या देवांवरून आलेली. पहिला महिना, दुसरा महिना असं म्हणायचं. गंमत बघा, नावांच्या बाबतीत इतकं सोवळं पाळणाऱ्या घरातल्या मुलानं पुढे साऱ्या जगाच्या ढगांचं बारसं केलं.

ल्यूकला गावापासून दूर बर्फर्ड नावाच्या ठिकाणी क्वेकरांच्या शाळेत घातलं. तिथे लॅटिन व्याकरणाचा नुसता मारा. आपल्याला लॅटिन गरजेपेक्षा जास्त शिकवलं आणि बाकीचं फार कमी, अशी तक्रार त्यानं मोठेपणी केली. आपल्याकडच्या जुन्या पिढीनं संस्कृत रूपं पाठ करताना जे बोट मोडलं, तसंच काहीसं. पण या लॅटिननंच त्याला पुढे हात दिला, ते येईलच.

तो दहा वर्षांचा असताना, 1783 च्या उन्हाळ्यात, आइसलँडमध्ये लाकी हा ज्वालामुखी फुटला. पुढचे आठ महिने तो धुमसत राहिला. त्याची राख आणि वायू पार युरोपभर पसरले. इंग्लंडमध्ये भर उन्हाळ्यात आभाळ धुरकट, सूर्य तांबडालाल. लोक घाबरून गेले. त्यात ऑगस्टच्या 18 तारखेला रात्री एक प्रचंड उल्का आकाश उजळत गेली. दहा वर्षांच्या पोरानं हे सगळं डोळे विस्फारून पाहिलं आणि त्या वर्षानं त्याची मान जी वर वळवली, ती पुढची ऐंशी वर्षं खाली आली नाही.

पण आभाळ बघून पोट कुठे भरतं? शाळा संपल्यावर वडिलांनी त्याला स्टॉकपोर्टला एका औषध-दुकानदाराकडे उमेदवारीला ठेवलं. सात वर्षं! दिवसभर खल-बत्ता, बाटल्या धुणं, पुड्या बांधणं. रात्री मेणबत्तीपाशी बसून फ्रेंच, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सगळं स्वतःचं स्वतः. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी क्वेकरांना तेव्हा मिळतच नसे, कारण सरकारी चर्चचं मत मान्य केल्याशिवाय ती देत नसत. त्यामुळे हुशार क्वेकर मुलं व्यापारात, कारखानदारीत नाहीतर औषधांत शिरत. दार बंद असलं की माणसं खिडकी शोधतात, हे आपल्या बायकांइतकं कोणाला ठाऊक असणार!

लंडनला परतून ल्यूकनं स्वतःचं औषधांचं दुकान काढलं. 1796 मध्ये मारियाबेला इलियटशी लग्न झालं. लवकरच विल्यम अ‍ॅलन या दुसऱ्या क्वेकर औषधवाल्याशी भागीदारी केली. अ‍ॅलननं शहरातलं दुकान बघायचं आणि ल्यूकनं शहराबाहेर प्लेस्टोला औषधी रसायनं तयार करायची, अशी वाटणी ठरली. ही वाटणी त्याला देवानंच दिली असावी. कारण शहराच्या धुरातून बाहेर पडला आणि डोक्यावर आख्खं मोकळं आभाळ मिळालं.

याच मित्रमंडळींनी एक अभ्यासमंडळ काढलं होतं. आस्केशियन सोसायटी. नियम मोठा नामी. प्रत्येक सभासदानं पाळीपाळीनं निबंध वाचायचा, नाही वाचला तर दंड भरायचा. (आमच्या भिशीत हा नियम आणावा असं मी सुचवून बघितलं. कोणी मनावर घेतलं नाही.) 1802 च्या डिसेंबरात ल्यूकची पाळी आली. तीस वर्षांचा हा लाजराबुजरा माणूस लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटजवळच्या प्लाऊ कोर्टात उभा राहिला आणि त्यानं ढगांवर निबंध वाचला.

तोवर ढगांकडे शास्त्र म्हणून कोणी फारसं बघतच नव्हतं. झाडापानांची, किड्यामुंग्यांची नावं लावून झाली होती. ढगांचं कसं लावणार? बघता बघता आकार बदलतो. आत्ता हत्ती दिसला तो कागद-पेन्सिल आणेपर्यंत उंट झालेला असतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क या नावाजलेल्या निसर्गशास्त्रज्ञानं पाच प्रकार करून बघितले होते. पण नावं फ्रेंच, आणि फ्रान्सबाहेर ती कोणी उचलली नाहीत.

ल्यूकनं सांगितलं, ढग दिसतात हजार, पण मुळातली घडण तीनच प्रकारची. केसांच्या बटेसारखा तंतूंचा तो सिरस. ढिगासारखा, खालून सपाट आणि वर फुगत जाणारा तो क्युम्युलस. आडवा पसरलेला थर तो स्ट्रेटस. आणि पाऊस देणारा तो निम्बस, पण तो वेगळा मूळ प्रकार नव्हे, बाकीचे एकत्र येऊन झालेला. सगळी नावं लॅटिन. शाळेतली ती नकोशी घोकंपट्टी इथे कामाला आली! लॅटिन कोणाच्याच घरची भाषा उरली नव्हती, म्हणून ती सगळ्यांची झाली.

आता मुख्य गोष्ट. इथेच मला माझी चूक सापडली. ल्यूकनं आपल्या निबंधाच्या नावात प्रकार हा शब्द वापरलाच नव्हता. त्याचा शब्द होता ढगांची रूपांतरं, बदल. तीन मूळ घडणींच्या मधल्या अवस्थांनाही त्यानं जोडनावं दिली, सिरो-क्युम्युलस, सिरो-स्ट्रेटस, क्युम्युलो-स्ट्रेटस. का? तर ढग एका रूपात थांबतच नाही. सिरस खाली उतरत, दाट होत जातो, त्याचा पातळ पडदा बनतो तो सिरो-स्ट्रेटस. याच पडद्यातल्या बर्फाच्या कणांतून चंद्रसूर्याचा प्रकाश वाकतो आणि भोवती कडं दिसतं. म्हणजे आपलं खळं! आणि हा पडदा वारा-पावसाच्या आधी येतो, हे ल्यूकनं तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं.

सिरसमधून पाऊस पडत नाही, हे मी बरोबर सांगितलं होतं. पण सिरसनंतर काय येतंय ते बघत राहा, हे सांगितलं नव्हतं. कारण मी ढगांची नावं डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखी शिकवली. हा डाळीचा डबा, हा तांदळाचा. ल्यूकनं ती क्रियापदांसारखी ठेवली होती. आणि आमच्या सासूबाई, लॅटिनचं अक्षर माहीत नसताना, नेमकं तेच वाचत होत्या. काल पिसं, आज खळं, उद्या पाऊस. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसून राहिले.

असो. पुढच्याच वर्षी, 1803 मध्ये, तो निबंध एका मासिकात छापून आला आणि नावं भराभर पसरली. जर्मनीत महाकवी गटेच्या हाती तो पडला आणि या वृद्ध कवीला ढगांचं वेडच लागलं. प्रत्येक ढगावर त्यानं कविता केल्या, ल्यूकच्या गौरवाची कविता लिहिली. मग हा माणूस आहे तरी कोण म्हणून, लंडनमधल्या एका ओळखीच्या गृहस्थामार्फत त्याच्याच हातचं आत्मवृत्त मागवलं. पत्र आलं तेव्हा ल्यूकला वाटलं, कोणीतरी आपली थट्टा करतंय! औषधं विकणाऱ्या माणसाची गटे कशाला चौकशी करेल? खात्री पटल्यावर 1822 मध्ये त्यानं मोठ्या संकोचानं आपली हकीगत लिहून पाठवली. त्याच्या आयुष्याबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंच त्या पत्रामुळे. आदल्याच वर्षी रॉयल सोसायटीनंही त्याला आपलं सभासद करून घेतलं होतं. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या माणसाला!

पण मला ल्यूक हॉवर्ड आवडतो तो गटेमुळे नव्हे, तर त्याच्या वहीमुळे. 1806 पासून त्यानं रोजच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. तापमान किती, वाऱ्याची दिशा कोणती, पाऊस किती, आभाळात काय दिसलं. कारखाना सांभाळून, मुलं वाढवून, पंथाची कामं करून, वर्षानुवर्षं. जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला यातलं कष्ट कळेल. एक दिवस लिहिणं सोपं, रोज लिहिणं अवघड. त्या नोंदींचं पुस्तक 1818 ते 1820 या काळात दोन खंडांत निघालं, लंडनच्या हवामानावरचं. त्यात एक गोष्ट त्यानं आकड्यांनिशी दाखवली. लंडन शहरातली रात्र बाहेरच्या गावांपेक्षा सरासरी 3.7 अंश फॅरनहाइटनं, म्हणजे साधारण 2 अंश सेल्सिअसनं, जास्त उबदार असते. घरोघरच्या चुली आणि शेगड्या, माणसांची दाटी, उष्णता धरून ठेवणाऱ्या भिंती. शहर स्वतःचं हवामान तयार करतं, हे दोनशे वर्षांपूर्वी सांगणारा हा पहिला माणूस. एप्रिलमध्ये पुण्यातल्या सिमेंटच्या इमारतीत रात्री अकराला पंख्याखाली घामाघूम होताना मला हटकून त्याची आठवण येते.

बाकी आयुष्यात पुष्कळ काही केलं त्यानं. नेपोलियनच्या युद्धांत होरपळलेल्या जर्मन खेडुतांसाठी मदत गोळा केली. हवामानावर व्याख्यानं दिली, ती 1837 मध्ये पुस्तकरूपानं आली. म्हातारपणी मात्र एका भलत्याच नादाला लागला. चंद्राच्या फेऱ्यांप्रमाणे दर अठरा वर्षांनी हवा पुन्हा तशीच येते, असं त्याच्या मनानं घेतलं आणि 1842 मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. ते काही टिकलं नाही. इतकी वर्षं रोज आभाळ बघणाऱ्या माणसाला शेवटी त्यात एक पक्का नियम सापडावासा वाटला असेल, तर मी तरी त्याला हसणार नाही.

त्याच्या कारखान्याचं एक टोक आपल्यापर्यंत येतं. हॉवर्ड मंडळी पुढे क्विनाईन बनवण्यात नावाजली. क्विनाईन, म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचं कोयनेल! ल्यूकचा मुलगा जॉन इलियट हॉवर्ड यानं तर सिंकोनाच्या सालीचा अभ्यास हेच आयुष्याचं काम केलं. इंग्रजांनी 1860 नंतर निलगिरीत सिंकोना लावला, तिथली साल तो लंडनमध्ये तपासत असे. हिंदुस्थानातल्या त्या मळ्यांवर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. बापानं ढग वाचले आणि मुलानं सालीचे कण.

1852 मध्ये मारियाबेला गेली. त्यानंतर ल्यूक टॉटनहॅमला मोठ्या मुलाच्या घरी राहिला. वहीतल्या नोंदी कधीच थांबल्या होत्या, पण आभाळ बघण्यातलं सुख थांबलं नव्हतं. 21 मार्च 1864 ला, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला. त्या घरावर पुढे निळी पाटी लागली, ढगांना नावं देणारा इथे राहत होता अशा अर्थाची.

त्याच्या मागे त्याची नावं आणखी वाढली. मधल्या उंचीच्या ढगांना अल्टो हे उपपद लागलं. राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी नावाचा एक गृहस्थ तर लंडनचे ढग आणि बाकी जगातले ढग एकच आहेत का, हे बघायला पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. एकच निघाले! 1896 मध्ये ढगांचा पहिला आंतरराष्ट्रीय नकाशासंग्रह निघाला, त्यात दहा प्रकार होते आणि पाया ल्यूकचाच. आपल्या वळवाच्या पावसाचा तो काळाकभिन्न, कडाडणारा ढग म्हणजे क्युम्युलोनिम्बस. जुलैतला दिवसचे दिवस रिपरिपणारा राखाडी थर म्हणजे निम्बोस्ट्रेटस. 2017 मध्ये या संग्रहाची नवी आवृत्ती आली, त्यात काही नव्या रूपांची भर पडली. पुण्यात आम्ही ज्याला सिमला ऑफिस म्हणतो तिथल्या हवामान खात्याच्या नोंदींतही तीच नावं. त्या चौकातून माझी बस इतकी वर्षं जात होती.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं, पुढच्या दिवाळीला गेले तेव्हा. त्या गहू निवडत होत्या. लंडनमध्ये एक माणूस होता आणि तोही खळं बघून ताडपत्र्या सोडा म्हणाला असता, असं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, त्याचाबी बेदाणा होता का?

जाऊनं मात्र तेव्हापासून एक केलंय. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायचे ते चौकोन, त्यांत ती रोज आभाळ लिहिते. तिची नावं तिचीच. पिसं. खळं. कापूस. गाठोडी. बुरखा. दहा वर्षांची कॅलेंडरं सुतळीनं बांधून पोटमाळ्यावर ठेवलीत. मी त्यांतली दोन इथे घेऊन आलेय, शेजारी ल्यूकची नावं लिहून बघायला. बुरख्याला स्ट्रेटस म्हणावं की अल्टोस्ट्रेटस, यावर आमचं अजून जमत नाही.

गेल्या फेब्रुवारीत तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. चिंचेच्या झाडामागे आलेला चंद्र, भोवती फिकट कडं. मी घाईघाईनं लिहिलं, अगं, खळं आहे, ताडपत्र्या बघ. तिचं उत्तर आलं, कवाच सोडल्यात अक्का, तुम्ही जेवलात का?